रुमालाखालचा शब्द

तोंडी सौद्यांचे किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही, ते आपण होऊन येऊन बसतात. आम्ही मुखत्यार मंडळी अमरावतीच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली बसायचो. मुखत्यार म्हणजे वकिलाचा धाकटा भाऊ. मान कमी, बडबड तेवढीच! येणारा प्रत्येक पक्षकार बसायच्या आत एकच वाक्य बोलायचा, "शब्द देल्ला होता जी, आता नाही म्हन्ते!"

तिकडे अमेरिकेत लढाई पेटून तिथला कापूस बंद झाला होता आणि इकडे वऱ्हाडात कापसाचा भाव रोज अंगात आल्यासारखा उड्या मारत होता. काल दिलेला शब्द आज महाग पडायचा. त्यामुळे आमचं झाड सदा भरलेलं!

तेव्हाचे काही किस्से सांगतो. सगळ्यांचा अर्थ मला लागलेला आहे असं समजू नका.

* * *

आधी आपल्या बाजाराची रीत. भाव तोंडानं बोलायचाच नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आत बोटं दाबून भाव सांगायचा आणि जमला की मोठ्यानं "मंजूर" म्हणायचं. बघणाऱ्याला फक्त रुमाल हललेला दिसतो.

अकोल्याला एक नवे साहेब आले. पहिलाच दावा कापसाचा. व्यापारी म्हणे, कमी भावात सौदा झाला; शेतकरी म्हणे, असा भाव ठरलाच नव्हता.

"सौदा कुठे झाला?" साहेबांनी विचारलं.

"रुमालाखाली, सरकार."

"साक्षीदार कोण?"

"रुमाल!"

कोर्टात हशा झाला. साहेब मात्र हट्टी निघाले. शिरस्तेदाराकडून बोटांची खूण शिकून घेतली, खुर्चीवरून उतरले आणि शेतकऱ्याच्या हातावर रुमाल टाकून स्वतःचा हात आत घातला. "बोल, काय भाव सांगितला होतास?"

शेतकऱ्यानं तोंडानं मोठा भाव सांगितला आणि साहेबांनी रुमाल झटकन ओढला. बोटांनी व्यापाऱ्याचाच भाव दाबला होता! साहेब म्हणाले, "तोंड एक बोलतं, हात दुसरं. मी हाताचं मानतो. तोंडी सौदा खरा."

शेतकरी बाहेर आला तो स्वतःचा हात अंगापासून लांब धरून. मी विचारलं, "अरे बाबा, दाबलंस कशाला?"

"आईची आन, मुखत्यारसायेब," तो म्हणाला, "म्या बोट हलवलंच नाही."

* * *

आमच्या झाडाखाली चकाट्या पिटायला येणाऱ्यांत सखारामपंत दलाल अव्वल. गडगडाटी आवाज, भरदार मिशा आणि कागदाशी जन्माचं वैर. "ज्याच्या जिभेवर भरवसा नाही त्याच्या सहीवर काहून ठेवू?" असं आम्हालाच सुनवायचे, आमचं पोट कागदावर चालतं हे ठाऊक असून!

एकदा त्यांनी भातकुलीच्या एका पाटलाशी सौदा केला. बाजाराच्या दिवशी पाटलानं कापसाच्या गाड्या आणायच्या. कागद नाही, साक्षीदार नाही. मधल्या काळात गावात पटकीची साथ आली आणि पाटील गेला.

मी सखारामपंतांना सांगितलं, "विसरा आता. घरच्यांना सौदा माहीत नाही. कोर्टात उभे राहाल तर साहेब विचारतील, ठरलं ते ऐकलं कोणी?"

ते नुसते मिशीत हसले. बाजाराच्या दिवशी गाड्या आल्या. पुढच्या गाडीवर पाटलाचा मुलगा, डोकं नुकतं भादरलेलं. सखारामपंतांनाही गलबलून आलं. म्हणाले, "बापू, तुले कोनं सांगतलं रे सौद्याचं?"

"बापानं."

"जायच्या आधी बोलला होता म्हन की."

"नाही जी. तेव्हा त तोंडातून शब्द नव्हता निंगत. काल संध्याकाळी सांगतलं. गाड्या भरून राहिलो होतो तवा."

सखारामपंतांनी त्या दिवशी वजन करून पाहिलंच नाही. मुलानं सांगितलं तेवढा कापूस धरला आणि गाड्या गोदामाकडे वळवल्या.

* * *

कागदवाल्यांनी फार खूश होऊ नये, कागदाचाही एक किस्सा आहे.

अकोल्याच्या एका विलायती एजंटाचा कागदावाचून विश्वास नसे. त्यानं एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून करार लिहून घेतला. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून रिवाजाप्रमाणे सहीच्या जागी नांगराचं चित्र काढलं. निशाणी नांगर! भांडण झालं तेव्हा एजंटानं पेटी उघडली. वाळवीनं अक्षरन् अक्षर खाल्लेलं, नांगर तेवढा शाबूत, आणि त्याच्याभोवतीचा कागद जणू कोणी कातरून ठेवला होता.

आता म्हाताऱ्यानं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आम्ही त्याला तसं सुचवलंही, खोटं कशाला बोलू! पण त्यानं कोर्टात उभं राहून सगळा करार जसाच्या तसा सांगितला, स्वतःच्या नुकसानीसकट. बाहेर आल्यावर मी चिडलो. "आजोबा, गप्प बसला असतात तर सुटला असतात!"

"सुटलो असतो," म्हातारा म्हणाला, "पन पेरनीच्या वक्ती त्याच नांगराले हात लावा लागते न मले."

* * *

आता सखारामपंतांच्या मळ्याची गोष्ट. ती सांगताना मला अजून त्रास होतो.

राजापेठेच्या पलीकडे त्यांची एक पडीक जमीन होती. गंगाबाई माळीण आणि तिच्या नवऱ्यानं ती कसायला घेतली. पाण्याचा टिपूस नव्हता. सखारामपंत म्हणाले, "विहीर खना. पानी लागलं त मळा तुमचा."

काळ्या मातीखाली खडक लागला. खणता खणता नवरा आजारी पडून गेला. गंगाबाई दिरांना घेऊन खणत राहिली. एक दिवस पाणी लागलं. सखारामपंत काठावर उभे होते, आम्ही पाचपन्नास माणसं भोवती होतो. आनंदानं त्यांचा आवाज फाटला, "गंगे, मळा तुहा!" आणि मग, ज्या माणसानं जन्मात कागद केला नाही, तो म्हणाला, "उद्या कचेरीत येऊन कागद करून देतो."

त्या रात्री त्यांना ताप भरला. उद्या काही उजाडलाच नाही त्यांना.

अकोल्याहून पुतण्या आला, माधवराव. वारस तोच. त्यानं मळा पाहिला, वांगी पाहिली, मिरची पाहिली, झेंडू पाहिला आणि म्हणाला, "हे सगळं उपटा. इथं कपाशी लावतो."

* * *

गंगाबाईचा दावा मी चालवला. माणसांची रांग लावली साक्षीला. सखारामपंत काय बोलले ते प्रत्येकानं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. तिथेच घात झाला.

साहेब वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, "मुखत्यार, तोंडी करार मी रोज मान्य करतो. कापसाचा, बैलाचा, मजुरीचा. दोघांनी ठरवलं, ऐकणारे आहेत, झालं. जमिनीच्या कामात मात्र कागद पाहतो. आणि इथे तर देणारा स्वतःच म्हणाला की उद्या कागद करतो. म्हणजे देणं कागदानं पुरं व्हायचं होतं. कागद झाला नाही. देणं अर्धंच राहिलं."

शिरस्तेदारानं गंगाबाईला ते समजावून सांगितलं. ती दोन पावलं पुढे आली. मग म्हणाली, "सायेब, तोंड तेच, मानूस तोच. कापसाले शब्द पुरते, न जमिनीले काहून नाही पुरत? माहा मानूस त्या विहिरीत गेला. त्याचा कागद कुठी दाखवू?"

साहेबांनी ते लिहून घेतलं. निकाल मात्र बदलला नाही. मला त्या दिवशी कायद्याचा आणि सखारामपंतांचाही सपाटून राग आला. जन्मभर कागदाला शिव्या दिल्या, आणि एकदाच त्याचं नाव काढलं तेही बाईचा मळा घालवायला! नुसतं "तुहा" म्हणून थांबले असते तर मला भांडायला जागा तरी होती.

पिकं काढून मळा मोकळा करायचा हुकूम झाला.

* * *

हुकुमाची मुदत संपायच्या दिवशी माधवराव कापूस विकायला अमरावतीच्या बाजारात बसला होता. मी एका पक्षकाराबरोबर तिथेच होतो. भर दुपार, ऊन कडक, माणसांची गर्दी. समोर खरेदीला कासमशेठ, गोल टोपीवाले, सगळ्या बाजाराच्या ओळखीचे.

माधवरावानं उजवा हात पुढे केला, वर रुमाल टाकला आणि वाट पाहू लागला. क्षणात रुमाल हलला.

माधवरावाची मान ताठ झाली. "नाही," तो हळूच म्हणाला. रुमाल पुन्हा हलला. "तसं नाही होत जी," तो म्हणाला.  मग तो म्हणाला, "मंजूर."

"काय भाव सुटला?" बाजूच्या दलालानं विचारलं.

"भाव नाही. मळा."

"ओ माधवराव," कासमशेठ चमकून म्हणाले, "किससे बात कर रहे हो? मेरे तो दोनों हाथ ये रहे!"

खरंच होतं. एका हातात अडकित्ता, दुसऱ्यात अर्धी सुपारी.

कोणी हसलं नाही. माधवरावानं माझ्याकडे पाहिलं. "मुखत्यार, कचेरीत चाला. आत्ताच्या आत्ता कागद करा. बाईले बोलवा."

आम्ही बाजारातून कचेरीपर्यंत चालत गेलो. माधवराव सगळ्यांच्या अर्धं पाऊल पुढे, हात तसाच समोर, रुमाल तसाच वर. गंगाबाई मळ्यातून आली, हाताला ओली माती, टोपलीत शेवटची काढलेली वांगी. काय चाललंय ते तिला कळेना. मी स्टँपाच्या कागदावर बक्षीसपत्र लिहिलं, मळा आणि विहीर गंगाबाईच्या नावे. वाचून दाखवलं. माधवरावानं मान हलवली, डाव्या हातानं बोरू घेतला आणि वाकडीतिकडी सही करू लागला.

नोंदणीच्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, उजव्या हातानं करा की सही! रोज उजव्यानंच करता ना?"

माधवरावानं रुमालाकडे पाहिलं नाही. "करतो न भाऊ," तो म्हणाला, "त्यानं सोडला त करतो!"