तापाचा ईमेल

धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत ठरलं, नागपूरला. आम्ही तेव्हा अमेरिकेत, फ्रीमाँटला राहायचो आणि मुलगी चौथीत होती. तीन आठवड्यांची रजा मागायला मी शाळेच्या ऑफिसात गेले, तर हजेरी बघणाऱ्या बाईंनी मानही वर न करता सांगितलं, मावशीचं लग्न हे कारण चालत नाही. तीन दिवस विनापरवानगी गैरहजर राहिली की ट्रुअन्सीचं पत्र घरी येतं. म्हणजे शाळा बुडवणारी मुलगी, असा शिक्का.

नवरा म्हणाला, "ताप आलाय म्हणून कळव आणि मोकळी हो. सगळे तेच करतात."

मला ते मान्य नव्हतं. मी शाळेची नियमपुस्तिका काढून वाचली. त्यात इंडिपेंडंट स्टडी नावाचा करार सापडला: पाच किंवा जास्त दिवस बाहेर जाणाऱ्या मुलानं नेमून दिलेला अभ्यास पुरा करून आणला, तर गैरहजेरी लागत नाही. मी ते पान बाईंपुढे ठेवलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. आपणहून सांगायचं नव्हतं, एवढंच. तरी त्यांनी पाचर मारलीच. करार पुढच्या सोमवारपासून, आणि आमचं विमान त्याआधीच्या बुधवारचं. मधल्या तीन दिवसांची गैरहजेरी लागणारच. लागू द्या, म्हटलं.

हळदीच्या दिवशीसुद्धा लेक हॉलच्या कोपऱ्यात भागाकार करत बसली होती. आई माझ्यावर चिडली, मी लेकीवर.

परतल्यावर अभ्यासाचा गठ्ठा घेऊन मी ऑफिसात गेले. बाईंनी पान न् पान तपासलं आणि मग एका ईमेलचा प्रिंटआउट माझ्यापुढे सरकवला. नवऱ्यानं मला न सांगता पाठवलेला. बुधवार ते शुक्रवार मुलीला ताप.

"यातलं खरं काय?" त्यांनी विचारलं.

"ती विमानात होती," मी म्हटलं.

खोटं पकडल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही. करारातले दिवस हजर धरले, पण तीन दिवसांचं पत्र आलंच.

नवरा म्हणाला, तुझ्या हट्टापायी पोरीच्या फाइलला डाग लागला. मी म्हटलं, तू मला त्या बाईसमोर खोटारडी ठरवलंस. लेक जिन्यावरून ऐकत होती. ती इंग्रजीत म्हणाली, मला कुणी विचारलंच नव्हतं, मला जायचंच नव्हतं.

आम्ही दोघंही तिच्यावर ओरडलो.