स्टोव्हखाली गेलेला कागद

शाळेचं छप्पर गळलं आणि निबंधांचे कागद भिजले, असं मी माझ्या एका विद्यार्थिनीला सांगितलं होतं. ते खोटं होतं. तिच्या कागदाने मी स्टोव्ह पेटवला होता.

सत्तरच्या दशकात मी आंबागडजवळच्या एका गावी शिकवत होतो. 'माझा अविस्मरणीय प्रसंग' हा निबंध मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो: समुद्रकाठची सहल. समुद्र मीही पाहिला नव्हता. मुलं तोच उतरवून घ्यायची. आठवीतल्या या मुलीने मात्र आईसोबत जंगलात बिड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडायला गेल्याचं लिहिलं. तापलेल्या वाटेवर तिचे अनवाणी पाय भाजू लागले, तेव्हा आईने आपल्या चपला तिला दिल्या आणि स्वतः पायांना पळसाची पानं बांधून चालली.

"पत्ता तोडाले तं अख्खं गाव जाते. यात अविस्मरणीय काय हाये?" मी म्हणालो. वर्ग हसला.

पुढच्या वर्षी तिची आई वारली. ती माझ्या घरी आली. "गुरुजी, तो कागद हाये का? मायचं तेवढंच लिहिलं होतं मी." तेव्हा मी छपराचं सांगितलं.

त्यानंतर मी फळ्यावर निबंध दिला नाही. मुलं आपापलं लिहू लागली. ते वाचताना तिचा कागद पुन्हा एकदा हातात यावा, असं फार वाटायचं. त्यातली बरीच वाक्यं मला आठवतही नव्हती.

काही वर्षांनी ती तुमसरच्या बाजारात भेटली. मी खरं सांगून टाकलं.

"आता कायले सांगता, गुरुजी?" ती म्हणाली.

"तुह्या मायचा कागद मी जाळला, अन् वर तुह्याशी खोटं बोललो. मले माफ कर, पोरी."