उजव्या मुठीतलं बेलपान

लकवा मारला त्याच्या तिसऱ्या महिन्यात मी महादेवाशी अबोला धरला. तात्यापाऱ्यातल्या घरून पुरानी बस्तीतल्या देवळात चालत जाऊन रोज सकाळी त्याला बेल वाहणारा मी, आणि त्याने नेमका माझा उजवा हात नेला. मूठ वळलेली, ती उघडेचना. जेवण, दाढी मी डाव्या हाताने शिकलो. पण डाव्या हाताने देवाला काही वाहायचं नाही हे अंगात भिनलेलं. म्हणून पूजाच बंद केली. खरं सांगतो, हात कायमचा गेला याची मला फार भीती वाटत होती.

फिजिओवाल्या मॅडम सांगत की मेंदूचा एक भाग बंद पडला तर आसपासचे भाग त्याचं काम शिकतात, पण हाताला काम दिलं तरच. मी मान डोलवायचो आणि घरी येऊन हात मांडीवर ठेवून द्यायचो. शेवटी एका सोमवारी बायको म्हणाली, "देवावर काहून रुसता? चाला, मी आहो ना संगं."

देवळाबाहेर एक अनोळखी म्हातारी बेलफुलं घेऊन बसली होती. मी डावा हात पुढे केला, तर तिने टोपली मागे ओढली. "जेवनी हाथ ले, बाबू," म्हणजे उजव्या हाताने घे. मी वैतागून मूठ दाखवली. तिने एकेक बोट सोडवून तळव्यावर बेलपान ठेवलं, मूठ पुन्हा मिटवली आणि म्हणाली, "अब तैं जान अउ तोर महादेव जाने," म्हणजे आता तू जाण आणि तुझा महादेव जाणे.

त्या दिवशी पान मुठीतच घरी परत आलं. म्हातारी पुन्हा कधी दिसली नाही, पण मी पडलो हट्टी. रोज जाऊ लागलो. पान आता बायको मुठीत ठेवायची. पिंडीवर हात धरून दातओठ खात, घामाघूम होत उभा राहायचो. मॅडम म्हणाल्या, सुरुवातीला मेंदूच्या दोन्ही बाजू अशाच जोर लावतात. हात सुधारला की काम पुन्हा मूळ बाजूकडे जातं.

दोन महिन्यांनी एका सकाळी मी थकलो. म्हटलं, महादेवा, तुला हवं तेव्हा घे. खांदा सैल सोडला, आणि बोटं हळूहळू उघडली. पान पिंडीवर पडलं. बायको रडली, मीही रडलो.

मॅडम म्हणतात मेंदू नव्याने शिकला. मला ते पटतं, आणि मी हात जोडतो ते महादेवाला. शर्टाचं बटण अजून लागत नाही, लागेल. जोर लावायचा तो मी लावतो, उघडायचं त्याच्यावर सोडलंय.