राखीव रानाला शेवंताबाईचा होकार

शेवंताबाईला वाघाची भीती वाटते, आणि ते सांगायला ती लाजत नाही. "मले त लय भेव वाटते बापा," म्हणते आणि मोकळी होते. राजेंद्र, तिचा एकुलता एक, जंगलात रोजंदारीचा पहारेकरी लागला तेव्हापासून तर तिच्या घशाखाली घास उतरत नाही. रानातल्या चौकीवर तो एकटाच असतो. जोडीला दुसरा माणूस ठेवायला निधी नाही, असं वनखात्याचं ठरलेलं उत्तर.

मार्चमध्ये किरनापूरजवळच्या तिच्या गावात ग्रामसभा भरली. गावालगतचं सरकारी जंगल 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर करायचं, तर कायद्यानं गावाचं मत विचारावं लागतं. खात्याच्या साहेबांनी समजावलं : जाहीर झालं तर केंद्राकडं, राज्याकडं निधी मागता येईल, चौकीवर जोडीदार येईल. मोहफुलं वेचायला बंदी नाही. कोणाला गावातून उठवणार नाही.

'उठवणार नाही' ऐकलं मात्र, सभेत कुजबुज सुरू झाली. सरपंच नथ्थूची सासुरवाडी अभयारण्यापायी उठली होती. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकूनच पिणार, त्यांना तरी काय म्हणावं?

"ज्याले पाहिजे त्यानं हात वर करा," नथ्थू म्हणाला.

कोणी हललं नाही. चौकीच्या दारातच वाघाचे पंजे उमटले होते, हे राजेंद्रनं परवाच सांगितलं होतं. शेवंताबाईनं हात वर केला. सगळ्या सभेत तेवढाच.

"काहून वो मामी, गाव इकून राह्यली का?" शेजारची सरिता कडाडली.

"मायं पोरगं एकटं राह्यते तिथं," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मोहफुलं वेचायला बायका निघाल्या, पण तिच्या दारी कोणी हाक दिली नाही. गळलेली फुलं काही थांबत नाहीत, म्हणून ती मागोमाग एकटीच गेली. रानात प्रत्येकीचं झाड वेगळं असतं. मधूनमधून एकीनं 'हूऽऽ' करायचं आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, म्हणजे सगळ्या सुखरूप असल्याचं कळतं. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

सरिताचं हसणं जवळूनच ऐकू येत होतं. शेवंताबाईनं 'हूऽऽ' केलं. हसणं थांबलं. ओ आली नाही.

तिनं पुन्हा हाक दिली. मागच्या झुडपात काहीतरी सळसळलं. पण मोह उभ्यानं वेचता येत नाही. ती वाकली.