अर्जातली धंद्याची ओळ

…तर दुकानदार दुसऱ्या कंपनीचं मशीन दाखवत होता आणि वाल्मिक ऐकायला तयार नव्हता, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात सूनबाईनं जेवायला हाक मारली आणि गोष्ट राहिली.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगणं मला जमत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. वाल्मिक सिल्वासाजवळ अथालला आमच्या चाळीत, आमच्या भिंतीला लागून राहतो. माणूस शिरपूरकडचा. एकोणिसाव्या वर्षी मामाचं बोट धरून सिल्वासाला आला आणि इथलाच झाला. बायको जया, आणि आई कमळाबाई. मसाटच्या एका कारखान्यात घरी वापरायची ऑक्सिजनची मशीनं बनतात, हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडणारी. तिथं हा कंत्राटदाराकडून लागलेला. तयार झालेलं मशीन खोक्यात जायच्या आधी चालवून पाहायचं, हे त्याचं काम. सायकलीवर जाणार, सायकलीवर येणार, डबा खाण्याआधी साबणानं कोपरापर्यंत हात धुणार. एवढा निगुतीचा गडी मी आमच्या गावातही पाहिला नाही.

कमळाबाईची छाती चुलीच्या धुरानं गेलेली. डॉक्टरनं सांगितलं, दिवसाचे सोळा तास ऑक्सिजन लागेल, मशीन घ्या. दुकानदार म्हणाला, हे घे, याची तक्रार येत नाही. वाल्मिक म्हणाला, मला आमच्याच कारखान्याचं पाहिजे. असं म्हणताना, जया सांगते, त्याची मान ताठ झाली होती. आपल्या हातचं आपल्या आईला, यात केवढं सुख असतं बघा.

मशीन आठ दिवस चाललं. नवव्या दिवसापासून दोन तास झाले की लाल दिवा लागायचा, टीं टीं वाजायचं आणि बंद पडायचं. कमळाबाईची जीभ मात्र श्वास लागला तरी चालायची. म्हणाली, “वाल्मिक, तुझ्या कंपनीचं मशीन तुझ्या मामावर गेलंय. दोन तास काम, मग बिडीला सुट्टी.”

आम्ही हसलो. पुढं हसण्यासारखं फार राहिलं नाही.

कंपनीच्या नंबरावर फोन केला. तक्रार नोंदली. दोन दिवसांनी एकाचा फोन आला, माणूस वापीहून निघालाय, तुमच्या मोबाईलवर चार आकडे आलेत ते सांगा. यानं सांगितले. माणूस आला नाही, मेसेज आला की तक्रारीचं निवारण झालं, सेवेला गुण द्या. पुन्हा फोन, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वाल्मिकला कळत होतं की आकडे दिले की तक्रार मिटवून टाकतात. तरी दिले. मी विचारलं, अरे का दिलेस? तर म्हणाला, नाही दिले तर माणूस येणारच नाही म्हणतात, बाबा.

तुम्ही म्हणाल, हा तिथंच कामाला, मग मशीन कारखान्यात का नेलं नाही? नेलं की. गेटवरच अडवलं. बाहेरून आलेल्या वस्तूला आत जायचा पास मिळत नाही. सुपरवायझर म्हणाला, दुरुस्तीचं खातं मुंबईला, आमचा संबंध नाही, आणि घरी स्क्रू खोललास तर वॉरंटी गेली समज. मग सिलिंडर भाड्यानं आणणं सुरू झालं. एक सिलिंडर जेमतेम दिवसभर पुरायचा. रोज सकाळी रिकामा रिक्षात घालून सिल्वासाला न्यायचा, भरलेला आणायचा, मग ड्यूटीला पळायचं. कमळाबाईची नखं जांभळट दिसू लागली. जया त्यांच्यावर हळद लावून ठेवायची, म्हणजे वाल्मिकला दिसू नयेत.

आता माझा अपराध सांगतो.

मी सातवी पास, गावच्या शाळेतला, पण अर्ज लिहावा तर मी. पाचवीत असताना मी एसटीच्या डेपोला कार्ड टाकलं होतं, की आमच्या फाट्यावर गाडी थांबत नाही. महिन्याभरानं गाडी थांबली. आतून डेपोचे साहेब स्वतः उतरले आणि विचारू लागले, कार्ड कुणी लिहिलं? मी ज्वारीत लपून बसलो ते दिवे लागल्यावर बाहेर आलो. पण तेव्हापासून माझी खात्री आहे, साहेब वाचतो. फक्त साहेबापर्यंत पोचलं पाहिजे.

माझी नात मृणाल कॉलेजात आहे. तिनं कंपनीच्या सगळ्यात मोठ्या साहेबाचा मेलचा पत्ता शोधून काढला. जयाला काही खरं वाटेना. तिचं म्हणणं, एवढा मोठा माणूस आपलं वाचत बसेल का, त्याचं वाचायला माणसं असतील आणि त्या माणसांचं वाचायलाही माणसं असतील. मृणाल म्हणाली, आजोबा, काही जण खरंच वाचतात, बाकीच्यांचं ऑफिस वाचतं, कुणाचं कोण वाचतं ते बाहेरून कळत नाही. छोटं लिहा, मशीनचा नंबर टाका, झालं.

छोटं मला कुठलं जमायला. मी वाल्मिकच्या नावानं रीतसर अर्ज सांगितला, तिनं टाइप केला. वर ‘सेवेशी’, मग विषय, मग हकीकत. तीन वेळा आकडे दिले ते तारखांसकट. आणि खाली, आमच्या गुरुजींनी शिकवल्याप्रमाणे, अर्जदाराचं नाव, वय, धंदा, राहणार. मृणाल म्हणाली, धंद्याची ओळ काढून टाकू, ग्राहक काय काम करतो याच्याशी त्यांना काय करायचंय? मी म्हटलं, पोरी, धंदा लिहिल्याशिवाय अर्ज पुरा होत नाही, समोरच्याला कळायला पाहिजे माणूस कोण आहे. तिनं माझ्या हट्टाला लिहिलं, ‘धंदा: कंत्राटी कामगार, आपल्याच मसाटच्या कारखान्यात.’ वाल्मिक शेजारी बसला होता. त्यानं फक्त मशीनचा नंबर पुन्हा एकदा तपासून दिला. मला वाटलं, पटलं त्याला.

तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर वाल्मिकचं हजेरीचं कार्ड लागेना. कंत्राटदार बाहेर आला. काय बोलला ते सगळं सांगण्यासारखं नाही. सार असं, की ग्राहकाची तक्रार आली असती तर कागद कागदात मिटला असता. कामगाराचा अर्ज वरून खाली आलाय, आता चौकशी होणार, माझं कंत्राट जाणार. शेवटी आवाज खाली करून म्हणाला, मुंबईचा फोन आला तर एवढंच सांग, शेजारच्या म्हाताऱ्यानं रागात लिहिलं, मशीन बरं चाललंय. उद्यापासून कामावर ये. घरी दुसरं मशीनही मी बघतो.

हे सगळं वाल्मिकनं मला आमच्या ओट्यावर बसून सांगितलं. मी म्हटलं, माझं नाव घाल, खुशाल घाल, म्हाताऱ्याचं कोण काय करणार? ती ओळ माझीच होती. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला त्या रात्री जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात भरलेला सिलिंडर मिळाला नाही. गाडीच आली नव्हती, संध्याकाळी बघू म्हणाले. घरातल्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीला टेकलेला. वाल्मिकनं ऑक्सिजन कमी करून ठेवला, म्हणजे जरा जास्त पुरेल. कमळाबाई उशी पोटाशी धरून वाकून बसली होती. एरवी मी आत पाऊल टाकलं की टोमणा ठरलेला, आज नुसती बघत राहिली. जया तिची पाठ चोळत होती. बाई एकेक श्वास विहिरीतून ओढावा तसा ओढत होती. मी गोष्टीवर गोष्ट सांगणारा माणूस, पण तिथं एकही सुचली नाही.

अकराच्या सुमारास फोन वाजला. मुंबईहून एक बाई बोलत होत्या. नलिनी की काय नाव सांगितलं. म्हणाल्या, तुमचा मेल साहेबांनी स्वतः वाचलाय, लाइनवर थांबा. जयानं माझ्याकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, त्या तसल्या घटकेलाही माझी छाती फुगली. काय करू, स्वभाव.

मग साहेब आले. मराठी बोलत होते, जरा गुजराती वळणाची. आवाज थकलेला. वाल्मिकनं फोन मोठ्यानं लावून गुडघ्यावर ठेवला होता, कारण त्याचा एक हात आईच्या खांद्यावर होता. साहेब म्हणाले, मसाटच्या गोडाऊनमधून नवीन मशीन तासाभरात तुमच्याकडे निघेल, मी सांगितलंय. मग म्हणाले, “अर्ज मी शेवटपर्यंत वाचला. शेवटी तुम्ही धंदा लिहिलाय, म्हणून स्वतः फोन केला. तक्रारी माझ्याकडे पुष्कळ येतात, पण मशीन बनवणाऱ्याची ही पहिली. मला एक सांगा, तुमच्या आईला असं मशीन गेलं कसं?”

वाल्मिकनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या छातीवर बोट ठेवून खूण केली, माझं नाव सांग. जया खाली मान घालून बसलेली. कंत्राटदाराचं वाक्य आम्हा तिघांनाही पाठ होतं. पलीकडून साहेबांनी दोनदा हॅलो केलं. मग वाल्मिक बोलला ते जसंच्या तसं सांगतो, यात माझा एक शब्द नाही:

“साहेब, मशीन पाठवा, पण मसाटच्या गोडाऊनमधलं नको. तिथल्या सगळ्या खोक्यांवर लिहिलंय, चार तास चालवून पाहिलं. आम्ही दहा मिनिटं चालवतो, माल काढायची घाई असते, आणि खाली सही मी करतो. आईच्या खोक्यावरसुद्धा माझीच सही आहे. दुसरीकडून कुठून तरी आणा, पण दुपारच्या आत आणा, साहेब.”