अप्पांची अकम्प्लिश्ड मुलगी

मी तंजावूर सोडलं त्या दिवशी फलाटावर अप्पांनी डब्यातल्या एका अनोळखी माणसाला आमची सगळी ओळख करून दिली. "सन्, डॅलस. ग्रेट अचीव्हमेंट. डॉटर, वीणा. व्हेरी अकम्प्लिश्ड." पूल बांधणाऱ्या कंपनीत पहिल्या नोकरीसाठी मी पुण्याला निघाले होते. त्याचं नावही नाही.

अप्पांनी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. शब्दांतले फरक ते जेवताना वाढायचे. अचीव्हमेंट म्हणजे जगाशी झुंजून मिळवलेलं. अकम्प्लिशमेंट म्हणजे शिकून अंगी बाणवलेलं, चार माणसांत शोभणारं. असेल तसं. पण राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत पहिला शब्द मुलग्यांना मिळायचा, दुसरा आम्हाला. पाहुणे आले की भाऊ झोपाळ्यावर आणि मी चटईवर. त्यांची कॉफी संपेपर्यंत वाजवायचं. गल्लीतल्या मुलींनो, तुम्ही अजून वाजवताय, मला ठाऊक आहे.

पुण्यात माझ्या तंजावुरी मराठीला लोक हसले. साइटवर कॉन्ट्रॅक्टर माझ्याऐवजी माझ्या ज्युनिअरशी बोलायचा. मी तिथल्या शिव्या शिकले आणि त्याला ऐकवल्या. नदीवर पूल उभा राहिला, त्यावरून पहिली एसटी गेली, तेव्हा मी तिथूनच घरी फोन लावला. अप्पा म्हणाले, "बरं झालं. वीणा वाजिवतेस की सोडलीस?"

यंदा पोंगलला भाऊ आला म्हणून मीही गेले. खरं सांगायचं तर अप्पांच्या तोंडून एकदा तो शब्द ऐकायचा होता, माझ्यासाठी. हॉल माणसांनी भरला. भावाचं सगळं सांगून झाल्यावर अप्पांनी मला बोटाने चटई दाखवली. मी उभीच राहिले.

"अप्पा, मी वाजवणार नाही. मी पूल बांधते."

अप्पा पाहुण्यांकडे वळून कौतुकाने हसले. "शी इज सो मॉडेस्ट!"

झोपाळ्यावरचा डॅलसही हसला. त्या झोपाळ्याच्या कड्या उपटून काढाव्यात असं मला वाटलं. मी बॅग भरली आणि संध्याकाळच्या गाडीने निघाले. या वेळी फलाटावर कोणी आलं नाही.

इथे कोणी विचारतं, तंजावूरला घरी कोण असतं? मी म्हणते, वडील असतात. आणि त्यांना हवी होती ती मुलगीही असते, हॉलमध्ये, चटईवर, गवसणी घालून ठेवलेली. ती उलटून बोलत नाही.