बकरीच्या भावात बैल

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं आणि हद्दीपलीकडे निजामाची मोगलाई. आमच्या पातूरकडचे बैल चोरून मोगलाईच्या बाजारात विकायचे, हा एका टोळीचा धंदाच होता. हद्द आली की आमचे पोलीस माघारी फिरत. माझा पांढरा बैल गेला तेव्हा कुठे दोन्हीकडच्या पोलिसांनी एकी केली. दोन्हीकडचा एकेक शिपाई व्यापारी बनून बाजारात जाणार होता. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं, एवढंच राहून गेलं.

बैल ओळखायला मी आमच्या शिपायाबरोबर गेलो. बैल दिसला. एक फेटेवाला त्याचे दात बघत होता. हाच चोर समजून आमच्या शिपायानं त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि बाजाराच्या रीतीनं रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगितला. फेटेवाला होता मोगलाईचा शिपाई. त्याला आमचा माणूस चोर वाटला. दोघंही गिऱ्हाईक, म्हणून भाव खाली खालीच चालला. विकणाराच भाव पाडतोय म्हणजे माल चोरीचाच, अशी दोघांचीही खात्री पटली आणि दोघांनी एकमेकांची मनगटं धरली.

"असा बैल अन् बकरीच्या भावात?" आमचा शिपाई गरजला.

शेजारी पान चघळत बसलेला माणूस ताडकन उठला. "बकरीच्या भावात काहून? बैल माहा हाय, भाव मी सांगीन!"

दोघांनी एकमेकांना सोडून त्याला धरलं.

बैल घेऊन मी घराकडे निघालो. चोर तो चोरच, पण माझ्या बैलाची किंमत तिघांत त्या एकट्यालाच कळली होती.